ओल्या तंबाखूचं दुखणं

लोरीन पेलफ्री सकाळपासून वावरात काठ्या टाकत होती. ओळीतून चालत जायचं आणि थोड्या थोड्या अंतरानं एकेक काठी आडवी ठेवायची, म्हणजे मागून येणाऱ्या कापणाऱ्याला ती हाताशी मिळते. काम सोपं होतं आणि त्यात डोळे मोकळे राहत. ते डोळे तिनं मुलावर लावून ठेवले होते.

रॉन्डल दोन ओळी पलीकडं कापत होता. डाव्या हातानं रोप वाकवायचं, उजव्या हातातल्या छोट्या कुऱ्हाडीनं बुडाशी एक घाव घालायचा, आणि काठीच्या टोकावर बसवलेल्या लोखंडी सुळक्यावर खोड खुपसून ते खाली ओढायचं. काठी भरली की सुळका काढायचा आणि पुढच्या काठीवर चढवायचा. चाळिशीला टेकलेला माणूस, मधली बरीच वर्षं तुरुंगात आणि लोकांच्या पडवीत गेलेली, पण हात काही विसरले नव्हते. लोरीनला याचं बरं वाटायला हवं होतं. तिच्या मनात आलं, हा एवढ्या जोरात कशाच्या बळावर कापतोय?

त्यानं घाई केली तरी तिला शंका यायची आणि पाणी प्यायला थांबला तरी यायची. मार्च महिन्यात तो घरी आला तेव्हापासून ट्रकची किल्ली ती पोलक्याच्या आत टाचून ठेवत होती. पर्स उशीखाली असायची. तो न्हाणीत जास्त वेळ राहिला की ही दाराबाहेर उगाच फरशी पुसायला लागे. जेवताना मीठ दे म्हणायचं आणि त्यानं वर बघितलं की बुबुळं पाहून घ्यायची. आमच्या ओढ्याकाठच्या बायका पूर्वी ढग बघून हवा सांगायच्या. आता त्यांना बुबुळं बघून घराची हवा कळते.

डेलबर्ट गाडा घेऊन बांधाशी उभा होता. हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, ओढ्याच्या पलीकडं राहायचा. खुब्यानं अधू झाल्यापासून तो तंबाखू सुकवायच्या कोठारात वाशांवर चढत नसे, पण ट्रॅक्टर चालवायचा आणि तोंड चालवायचा.

"काय रे रॉन्डल," तो म्हणाला, "तुरुंगात तंबाखू लावत होते की काय? हात बरा चाललाय."

"तिथं जेवण वेळेवर मिळायचं, डेलबर्टकाका. इथं नुसत्या तुमच्या गप्पा मिळतात."

डेलबर्ट हसला. लोरीन हसली नाही. पोरगं विनोद करायला लागलं की तिला अधिकच धास्ती वाटे. वाईट दिवसांतही तो असाच गोड बोलायचा.

या घराची गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, कारण थोड्याफार फरकानं ती बऱ्याच घरांची आहे. रॉन्डल अकरावीत होता. मी त्याला भूमिती शिकवत असे. आकृती काढायच्या आधी तो डोळे मिटून ती मनात फिरवून बघायचा. त्या साली त्याचे वडील होबार्ट कोठाराच्या वरच्या वाशावरून खाली पडले आणि त्यांची पाठ मोडली. अर्धी तंबाखू अजून वावरात होती. तालुक्याच्या डॉक्टरनं होबार्टला पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, यांची सवय लागत नाही. रॉन्डलनं तंबाखू आत येईपर्यंत म्हणून शाळा सोडली. एकट्यानं वाशांवर काठ्या चढवता चढवता त्याचा खांदा गेला. मग बापानं आपल्यातली एक गोळी पोरासाठी काढून दिली, आणि लोरीननं ती त्याच्या दुपारच्या भाकरीबरोबर वावरात नेऊन दिली. डॉक्टरचं औषध, घरातलंच. त्यात वाईट काही असेल असं तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही. तंबाखू आत आली. पोरगं शाळेत परत गेलं नाही.

पुढं त्या डॉक्टरला बेड्या पडल्या आणि दवाखाना बंद झाला, पण ज्यांना लागली होती त्यांची भूक काही बंद झाली नाही. ओढ्याकडची सुपीक पट्टी विकली गेली. होबार्ट फुफ्फुसाच्या आजारानं गेले. रॉन्डलची बायको एका हिवाळ्यात शहराकडं गेली ती परत आली नाही, आणि त्यांची मुलगी टेसा आजीजवळ वाढली. ती आजीला मॅमॉ नि आजोबांना पॅपॉ म्हणते, आमच्याकडं म्हणतात तसं. बापाला मात्र नावानं हाक मारते. आता ती अकरावीत आहे आणि तिला नर्सिंगला जायचंय. रसायनशास्त्र अडलं की माझ्या पडवीत येऊन बसते. पुढं जे झालं ते मला तिच्याकडून कळलं, आणि राहिलेलं लोरीननं नि रॉन्डलनं आपापल्या परीनं सांगितलं.

दर गुरुवारी रॉन्डल पुलावर जाऊन उभा राहायचा आणि तालुक्याच्या चर्चची गाडी त्याला घेऊन जायची. तिथं नशा सोडलेल्या लोकांची बैठक असते, एवढंच त्यानं आईला सांगितलं होतं. लोरीनला ते खरं वाटत नव्हतं आणि खोटंही ठरवता येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी डेलबर्टनं ट्रॅक्टरचा पट्टा आणायला रॉन्डलला खाली दुकानात पाठवलं, तेव्हा लोरीन त्याच्या खोलीत शिरली. हे ती दर आठवड्याला करायची. गादीखाली हात घालायची, बुटांत बोटं घालून बघायची, जॅकेटचा वास घ्यायची. या वेळी जुन्या मोज्याच्या गोळ्यात तिला कागदी पाकिटं लागली. एक फोडलं तर आत नारिंगी रंगाची पातळ पट्टी होती, नखाएवढी. पाकिटावर लांबलचक नाव होतं. लोरीन सहावीपर्यंत शिकलेली. अक्षरं लावली तरी शब्द होईना.

टेसा शाळेतून यायला अवकाश होता. लोरीननं ती पाकिटं पदरात घेतल्यासारखी अॅप्रनमध्ये गुंडाळली आणि बांधावर बसलेल्या डेलबर्टकडं नेली. त्यानं लांबूनच ओळखलं. त्यानं सांगितलं की हे तर पेट्रोलपंपामागं विकतात, त्याच्या बहिणीच्या पोराकडं हेच सापडलं होतं, जिभेखाली धरलं की झालं काम.

"म्हणजे तीच नशा?"

"तीच. फक्त कपडे बदललेले," डेलबर्ट म्हणाला.

परसात कचरा जाळायचं पिंप होतं. तिनं त्यात पाकिटं टाकली, वर वाळलेली पानं टाकली आणि काडी लावली. पट्ट्या जळताना साखर करपल्यासारखा वास आला. रॉन्डलला काही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं. बोललं तर तो गोष्ट रचणार. त्यापेक्षा गप्प बसायचं आणि काय करतो ते बघायचं.

रॉन्डलनं त्या संध्याकाळी मोजा उघडला आणि तोही गप्प बसला. त्याला वाटलं, हे डेलबर्टचं काम. दुपारी पाण्याचा जग भरायला म्हणून डेलबर्ट घरात गेला होता, आणि एका कडक हिवाळ्यात त्यानं खुब्याच्या आपल्याच गोळ्या विकल्याचं सगळ्या ओढ्याला माहीत होतं. पण विचारायचं कसं? काय हरवलं, हे सांगावं लागलं असतं. आणि औषधाला नशा समजणाऱ्या लोकांत ते एकदा तोंडातून गेलं की संपलं. आमच्या चर्चमधले उपदेशक दर रविवारी हेच सांगायचे, की एक विष सोडून दुसरं धरणं म्हणजे सुटका नव्हे.

शनिवारी तो टेकडीवरच्या दफनभूमीपाशी गेला, तिथं फोन लागतो. दर गुरुवारी पट्ट्या देणाऱ्या दवाखान्यातल्या बाईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हरवलेल्या पट्ट्या पुन्हा मिळत नाहीत, गुरुवारी या. तिच्या आवाजात राग नव्हता. पट्ट्या विकून टाकणारेही हीच सबब सांगतात हे त्यालाही माहीत होतं. एके काळी त्यानंही सांगितली होती.

रविवारी चर्चमध्ये त्याला जांभयांवर जांभया येत होत्या. लोरीननं त्या पाहिल्या. सोमवारी पहाटे दव पडलेलं होतं आणि रॉन्डल उरलेल्या ओळी कापायला गेला. दुपारपर्यंत शर्ट पाठीला चिकटला, नाकातून पाणी वाहायला लागलं, आणि भर उन्हात हातांवर काटा उभा राहिला. तो बांधाच्या मागं जाऊन ओकला.

"ओल्या तंबाखूचं दुखणं आहे," परत येऊन तो म्हणाला. "दव अंगाला लागलं."

दवानं भिजलेली पानं दिवसभर अंगावर घेतली की त्यांचं पाणी कातडीतून आत जातं, डोकं फिरतं, पोट उलटतं. इथल्या प्रत्येकानं एकदा तरी ते भोगलंय. पण ते नवख्याला होतं, शहरातून आलेल्याला होतं.

"तुला?" डेलबर्ट म्हणाला. "तुझा पाळणा तंबाखूच्या कोठारात टांगला होता, बाबा. दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्याला ओली तंबाखू लागते होय?"

 लोरीननं हे दुखणं स्वतःच्या घरात आधी बघितलं होतं, नवऱ्यात आणि मुलात, आणि त्याचं नाव तिला चांगलं ठाऊक होतं. नशा मिळाली नाही की असंच होतं. म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता. मनातून तिला एक कडवट समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचीच लाज वाटली.

आदल्या आठवड्यात कापलेली तंबाखू काठ्यांवर उभी सुकत होती आणि बुधवारपर्यंत पाऊस येणार म्हणून रेडिओ सांगत होता. पावसानं चिखल उडाला की खालची पानं खराब होतात आणि लिलावात व्यापारी बोटानं नुसतं ढकलून पुढं जातो. परगावचे मजूर सगळे मोठ्या शेतांवर अडकलेले. लोरीननं हिशेब केला तो माणसांचा. जांभया देणारा रॉन्डल हिशेबात धरायचा नाही. डेलबर्ट चढायचा नाही. म्हणून सोमवारी सकाळीच तिनं टेसाला शाळेच्या बसला जाऊ दिलं नव्हतं.

रॉन्डलला हे दुपारी कळलं, मुलगी बापाचे जुने बूट घालून कोठारात आली तेव्हा.

"हिची शाळा आहे," तो म्हणाला.

"एका दिवसानं काय होतंय," लोरीन म्हणाली.

"मीही असंच म्हणून आलो होतो."

टेसानं दोघांकडं बघितलं आणि ती खालच्या वाशावर चढून उभी राहिली, एक पाय एका वाशावर आणि दुसरा समोरच्या. तिला उद्या रसायनशास्त्राची परीक्षा होती, पण ते ती बोलली नाही. रॉन्डल तिच्या डोक्यावर, सगळ्यात वरच्या वाशांवर गेला. डेलबर्ट गाड्यावरून काठी उचलून देई, लोरीन ती टेसाच्या हातात देई, टेसा वर, आणि वर रॉन्डल ती दोन वाशांच्या मध्ये बसवून रोपं हातानं पसरून देई. पत्र्याखाली उकाडा इतका, की श्वास घेतला की घशात पानांची धूळ बसायची. टेसाच्या तळहातांवर काळा चीक चढला. ती केस मागं सारायला गेली तर केस हाताला चिकटले.

थोड्या वेळानं टेसानं वर बघितलं. बापाचे गुडघे थरथरत होते. वासा हलत नव्हता, माणूस हलत होता. ती म्हणाली, "रॉन्डल, खाली ये." तो म्हणाला, अजून थोड्या राहिल्यात. पुढची काठी त्याच्या हातात गेली आणि निसटली. ती भरलेली काठी आपल्या सगळ्या वजनानिशी खाली आली, टेसाच्या खांद्यावर आदळली आणि गाड्यावर पडली.

टेसा पडली नाही. तिनं एका हातानं वासा धरला, दुसरा हात लोंबत राहिला. लोरीननं आणि डेलबर्टनं तिला उतरवून घेतलं. खांदा जागेवर होता, पण हात वर होईना. चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ दाताखाली. लोरीन तिचा दंड दाबून बघत होती आणि एकीकडं वर बघून रॉन्डलला बोलत होती, की दिसतंय मला काय झालंय तुला, पोरीचा जीव घेणार होतास, नशेबाज कुठला. डेलबर्ट लंगडत आपल्या ट्रककडं गेला आणि परत आला. त्याच्या मुठीत एक गोळी होती.

"माझ्या खुब्याची आहे," तो म्हणाला. "अर्धी दे तिला. संध्याकाळपर्यंत हात चालेल, गाडा तरी रिकामा होईल."

माणूस वाईट नव्हता. त्याला पोरीची दया आली होती आणि तंबाखूचीही. आणि लोरीननं हात पुढं केला. विचार करून नाही. कुणी औषध देतंय म्हटल्यावर आईचा हात जातो तसा.

गोळी तिच्या हातात पडायच्या आधी रॉन्डलनं घेतली. तो वाशांवरून कधी उतरला ते कुणाला कळलं नव्हतं. आता ती त्याच्या तळहातावर होती. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, मानेवर काटा होता, आणि ती पांढरी गोळी चिकानं काळ्या झालेल्या तळव्यावर उठून दिसत होती. लोरीनला वाटलं, गेली पोटात. डेलबर्टलाही तेच वाटलं. टेसानं मान फिरवली, तिला बघायचं नव्हतं.

रॉन्डल त्या गोळीकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं दुसऱ्या हातानं डेलबर्टचा खिसा उघडला आणि ती आत टाकली.

"ट्रक घेऊन घरी जा, काका," तो म्हणाला. "ती गोळी इथं जवळ आहे हे मला माहीत असता कामा नये. आज तरी नाही."

डेलबर्टनं खिशावर हात ठेवला आणि तो निघाला.  त्याच्या ट्रकचा आवाज ओढ्यापलीकडं जाईपर्यंत रॉन्डल दाराला टेकून उभा राहिला आणि मग खाली बसला.

"माझ्या मोज्यातलं कुणी घेतलं?" त्यानं विचारलं. "काकांनी?"

"मी," लोरीन म्हणाली. "पिंपात जाळलं."

तो हसल्यासारखा झाला.  मग त्यानं सांगितलं. त्या पट्ट्या दवाखान्यातून मिळतात. त्या घेतल्या की नशेची भूक गप्प बसते, डोकं जागेवर राहतं, माणूस काम करतो. मार्चपासून तो याच्यावरच उभा होता. आता जे होतंय ते त्या न मिळाल्यानं होतंय.

"म्हणजे ते औषध."

"औषध."

"तुझ्या बापाचंही औषधच होतं," लोरीन म्हणाली. "डॉक्टरनंच दिलं होतं. पांढरा कोट घालून."

"हो. आणि माझ्यापर्यंत ते तू आणलंस." त्याचा आवाज चढला नव्हता. "बोल लावत नाही मी तुला. तेव्हा तू विश्वास ठेवलास, आता ठेवला नाहीस. पण दोन्ही वेळेला मला कुणी विचारलं नाही."

लोरीन गाड्याच्या चाकाला धरून उभी होती. तिला ते खरं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांत या पोरानं तिला इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि सगळ्या अशाच पटण्यासारख्या होत्या.

टेसा दुखरा हात पोटाशी धरून बसली होती. ती म्हणाली, "मॅमॉ, पॅपॉ जेवताना काट्यासकट झोपी जायचे. आठवतं? हाही तसाच झोपायचा, बशीत तोंड पडेपर्यंत. यंदा एकदा तरी झोपलेला बघितलास तू त्याला? तू तर सारखी त्याच्याकडंच बघत असतेस."

हे खरं होतं. मार्चपासून तिनं दुसरं काही बघितलंच नव्हतं. सकाळी, वावरात, जेवताना, न्हाणीच्या दाराबाहेर. एवढा पहारा देऊन तिच्या हाती काय लागलं होतं? पर्समधून काही गेलं नव्हतं. तो वेळेवर उठत होता. छप्पर दुरुस्त केलं होतं, मुलीला गणितात चूक दाखवली होती, रागावला तर दुसऱ्या दिवशी त्याला आठवत होतं की आपण का रागावलो. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला सगळ्या ओढ्यात तिच्याइतकं माहीत असलेलं दुसरं कुणी नव्हतं.

"आता कुठं मिळतील त्या?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं की मिळणार नाहीत. ज्यानं जाळल्या त्यानं स्वतः येऊन सांगितलं तर कदाचित. तेही कदाचितच.

"उद्या जाऊ."

"उद्या तंबाखू आत घ्यायला हवी."

"ते मला कळतं."

"आणि ही शाळेत जाणार असेल तर मी येतो," रॉन्डल म्हणाला. "नाहीतर इथंच बसतो."

टेसाचा खांदा लोरीननं त्या संध्याकाळी बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं गार केला. मंगळवारी सकाळी मुलगी हात गळ्यात बांधून बसमध्ये चढली. आभाळ खाली आलं होतं. काठ्या वावरात तशाच उभ्या होत्या. लोरीननं त्यांच्याकडं न बघता ट्रक रस्त्यावर काढला.

दवाखाना म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान होतं. लोरीन आत शिरली आणि तिला पहिली दिसली ती चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसणारी बाई. दोघींनी एकमेकींना बघितलं आणि दोघींनी लगेच माना वळवल्या. त्या बाईनं मासिक तोंडासमोर धरलं. लोरीनलाही धरायला काहीतरी हवं होतं.

खिडकीला जाड काच होती, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं. पलीकडच्या मुलीनं विचारलं, पेशंट कोण.

"हा. पण बोलायचंय मला. याच्या पट्ट्या मी जाळल्या."

मुलीनं मान वर केली. हे तिनं बरेचदा ऐकलं असणार. कुत्र्यानं खाल्ल्या, धुण्यात गेल्या, आईनं फेकल्या. तिची नजर लोरीनच्या चेहऱ्यावरून, मग हातांवरून, मग पुन्हा चेहऱ्यावर फिरली. लोरीनला ती नजर ओळखू आली. आपण स्वतः सहा महिने असंच बघत होतो. ती आपल्यावर पडली की कशी वाटते हे आज कळत होतं.

"का जाळल्या?"

"मला वाटलं हा नशा करतोय."

"जरा मोठ्यानं बोला."

लोरीननं तेच मोठ्यानं सांगितलं. मासिकामागं कागदाचा आवाज थांबला. मुलगी म्हणाली, आधी लघवी तपासावी लागेल. रॉन्डल बाटली घेऊन आत गेला आणि लोरीन खुर्चीवर बसून राहिली. बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की आपल्याला भीती वाटतेय. तपासणीत काही निघालं तर? काल गोळी परत देणाऱ्या मुलाला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तरी भीती वाटत होती.

काही निघालं नाही. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं आलेलं. लोरीननं त्याच्या कोटाकडं बघत विचारलं, की हे किती दिवस घ्यायचं. तो म्हणाला, सांगता येत नाही, कदाचित काही वर्षं.

"याच्या वडलांच्या डॉक्टरनं दोन आठवडे सांगितले होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर मी आकडा सांगत नाही."

हे उत्तर तिला आवडलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. गुरुवारपर्यंत पुरतील एवढ्या पट्ट्या त्यानं दिल्या. पुन्हा असं झालं तर मिळणार नाहीत, हे त्यानं रॉन्डलकडं न बघता तिच्याकडं बघून सांगितलं.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. ट्रकमध्ये बसून रॉन्डलनं दातानं पाकीट फाडलं.  पट्टी जिभेखाली ठेवून त्यानं तोंड मिटलं. लोरीननं ट्रक काढला आणि विचारलं, मला आधीच का नाही सांगितलंस. त्यानं एक बोट वर केलं. ती पूर्ण विरघळेपर्यंत बोलता येत नाही, हे डॉक्टरनं सांगितलं होतं.

तिला मुलाला इतकं काही विचारायचं होतं, आणि तो गप्प बसायला बांधलेला. काचेवरचं पाणी पुसणारे दांडे इकडून तिकडं जात होते. लाकडाच्या वखारीपाशी ती बोलायला लागली, त्याच्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत. म्हणाली की गुरुवारी मी तुला नेईन, आणि गाडीत बसणार नाही, आत येईन. म्हणाली की टेसा तंबाखूसाठी घरी राहणार नाही, कोठार अर्धं रिकामं राहिलं तरी. खालची पानं गेली तर गेली. मग म्हणाली, "आणि तुझी खोली तपासणं मी सोडणार नाही. खोटं कशाला बोलू. मला जमणार नाही ते."

रॉन्डलनं मान हलवली. त्याचा जबडा अजून मिटलेला होता. पुढं दोन वळणं गेली. मग त्यानं गिळलं, हातानं तोंड पुसलं.

"तपास," तो म्हणाला. "पण काही सापडलं तर आधी मला विचार."

 ओढा लाल होऊन भरून चालला होता आणि पलीकडच्या वावरात त्यांच्या काठ्या ओळीनं पावसात उभ्या होत्या, बुडाशी चिखल उडत होता. पूल येईपर्यंत लोरीन त्याच्या बोलण्यावर विचार करत राहिली. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "विचारीन."